बर्फावरचा टपालवाला

१८५६ च्या जानेवारीतली गोष्ट. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी प्लेसरव्हिल नावाचं गाव आहे. तेव्हा ते सोनं शोधणाऱ्या खाणवाल्यांचं गाव होतं. त्या गावातून एक अठ्ठावीस वर्षांचा शेतकरी पाठीला टपालाची पिशवी बांधून, भर हिवाळ्यात, पर्वत ओलांडायला निघाला. उंचापुरा, सोनेरी केसांचा. पायांना बांधलेल्या दोन फळ्या, दहा-दहा फूट लांब, ओकच्या लाकडातून त्यानं स्वतः तासून काढलेल्या, दोन्ही मिळून पंचवीस पौंड वजनाच्या. हातात एक लांब काठी. पांघरूण नाही, बंदूक नाही. बघायला जमलेल्या लोकांपैकी फार थोड्यांनी असल्या फळ्या आधी पाहिल्या असतील. पर्वतापलीकडे ९० मैलांवर, म्हणजे सुमारे १४५ किलोमीटरवर, कार्सन खोऱ्यात जेनोआ ही लहानशी वस्ती होती. बर्फ पडायला लागलं की घाट बंद व्हायचा, आणि मग वसंत ऋतू येईपर्यंत तिथल्या माणसांना जगाची खबर नसायची. कुणाची आई गेली, कुणाला मुलगा झाला, सगळं कळायचं ते बर्फ वितळल्यावर.

तो गेला, पत्रं पोचवली आणि तिकडची पत्रं घेऊन परत आला. पुढे हाच त्याचा शिरस्ता झाला. जायला तीन दिवस, यायला दोन. याचं गणित सोपं आहे. प्लेसरव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे आणि जेनोआ १४६० मीटरवर. जाताना चढ लांबलचक, येताना उतार लांबलचक. पिशवीचं वजन साठ ते शंभर पौंड, म्हणजे सत्तावीस किलोपासून पंचेचाळीस किलोपर्यंत. आपल्याकडे बाजार समितीतला हमाल पन्नास किलोचं पोतं उचलतो खरा, पण ते घेऊन तो तीन दिवस बर्फात चालत नाही.

जॉन थॉम्प्सन त्याचं नाव. लोक त्याला ‘स्नोशू थॉम्प्सन’ म्हणत. हे नाव थोडं फसवं आहे. स्नोशू म्हणजे बर्फात पाय रुतू नयेत म्हणून घालायचे जाळीचे, टेनिसच्या रॅकेटसारखे जोडे. याच्या पायांत होत्या त्या चक्क स्की. पण तेव्हा त्या भागात स्की हा शब्दच रुळलेला नव्हता. लोक त्यांना नॉर्वेजियन स्नोशू म्हणत. त्यातला स्नोशू तेवढा त्याला चिकटला आणि आजतागायत चिकटून आहे. आज तिकडे त्याचे पुतळे आहेत. जिवंतपणी त्याच्या वाट्याला काय आलं, त्याचा हिशेब पुढे येईलच.

मूळचा तो नॉर्वेचा. ३० एप्रिल १८२७ रोजी तेलेमार्क प्रांतातल्या तिन या डोंगराळ भागात जन्मला. बापाचं नाव तोर्स्टाइन, म्हणून हा योन तोर्स्टाइनसन, आणि शेताचं नाव रुए. अमेरिकेत गेल्यावर तोर्स्टाइनसनचा थॉम्प्सन झाला. दहा वर्षांचा असताना, १८३७ मध्ये, घरच्यांबरोबर तो अमेरिकेला गेला. इलिनॉय, मिसूरी, आयोवा, विस्कॉन्सिन असं करत करत १८५१ मध्ये दुभत्या गाईंचा कळप हाकत कॅलिफोर्नियात पोचला. तिथे सोन्याच्या नादाला थोडे दिवस लागला, आणि मग इतरांपेक्षा लवकर शहाणा होऊन सॅक्रामेंटो खोऱ्यात शेती करायला लागला. टपालाची कुणी माणूस शोधतंय ही बातमी त्याला वर्तमानपत्रातून कळली, अशी हकिगत आहे. तेव्हा त्याला आठवल्या त्या लहानपणच्या फळ्या. तेलेमार्कमध्ये हिवाळ्यात शेजारच्या घरी जायचं तरी पोराच्या पायात स्की असत. स्कीच्या इतिहासात या तेलेमार्कचं नाव मोठं आहे. आधुनिक स्कीचा जनक मानला जाणारा सोंद्रे नूरहाइम याच प्रांतातला आणि जॉनपेक्षा दोनच वर्षांनी मोठा. पण जॉननं दहाव्या वर्षी गाव सोडलेलं. त्यानं ज्या फळ्या तासल्या त्या आठवणीतून तासल्या आणि म्हणूनच बहुधा इतक्या जड झाल्या. पुढे त्यानं हलक्या करून घेतल्या.

आता ज्या बर्फावरून तो जायचा, त्या बर्फाविषयी थोडं सांगायला हवं. ते नीट समजल्याशिवाय या माणसाचं मोठेपण कळत नाही, नुसतं धाडस दिसतं.

आपल्याला बर्फ म्हटलं की रसवंतीगृहातली, भुशात ठेवलेली लादी आठवते. फार तर मनालीच्या सहलीतला फोटो. बर्फ म्हणजे बर्फ, त्यात प्रकार कसले, असं आपल्याला वाटतं. पण पर्वतातलं बर्फ हे थरावर थर असं रचलेलं असतं आणि प्रत्येक थराचा स्वभाव निराळा. सिएरा नेवाडा हा पर्वत पॅसिफिक महासागराच्या वाऱ्यांच्या वाटेत उभा आहे. समुद्रावरून बाष्प घेऊन आलेले ढग त्याच्या पश्चिम उतारावर चढतात, थंड होतात आणि ओझं टाकतात. अगदी आपल्या सह्याद्रीसारखं. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि खाली वाईला त्याच्या कितीतरी कमी, तसंच तिकडे प्लेसरव्हिलच्या बाजूला ओल आणि जेनोआच्या बाजूला जवळजवळ वाळवंट. फरक एवढाच की हिवाळ्यात वरच्या भागात पावसाऐवजी बर्फ पडतं. किती पडतं? थॉम्प्सननं पुढे ज्या आल्पाइन काउंटीत घर केलं, त्याच काउंटीत टॅमरॅक नावाचं ठिकाण आहे. १९११ च्या जानेवारीत तिथे एका महिन्यात ३९० इंच बर्फ पडलं, आणि त्याच वर्षी ११ मार्चला जमिनीवर साचलेल्या बर्फाची खोली ४५१ इंच भरली. साडेअकरा मीटर. आपल्या चार मजली इमारतीच्या गच्चीपर्यंत. अमेरिकेत नोंदलेली ही सर्वांत मोठी खोली.

समुद्राजवळच्या पर्वतांतलं हे बर्फ जड असतं, ओलसर असतं. हवामान शून्य अंशाच्या आसपास घुटमळत असतं. एकेका वादळात मीटर-दीड मीटर बर्फ पडतं. वादळाची सुरुवात थंड असली तर आधी हलकं, पिठासारखं बर्फ पडतं आणि मग हवा उबदार झाली की त्यावर जड बर्फ येऊन बसतं. पोकळ पायावर दगडी भिंत रचावी, तसं. वर वाऱ्याचं काम वेगळंच. नैर्ऋत्येकडून आलेलं वादळ वाऱ्याच्या बाजूचं बर्फ उचलून पलीकडच्या, ईशान्येकडच्या उतारावर नेऊन टाकतं, आणि माथ्यावर बर्फाची छज्ज्यासारखी कड तयार होते. मग एखाद्या माणसाचं वजनही पुरतं. अख्खा थर एकसंध लादीसारखा तुटतो आणि खाली सुटतो. हाच हिमकडा कोसळणं. उतार कड्यासारखा उभा असावा लागतो असं नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार सर्वांत धोक्याचा. म्हणजे आपल्या घराच्या जिन्याइतका किंवा थोडा जास्त. त्याहून उभ्या जागी बर्फ टिकतच नाही, वरचेवर घसरून जातं, आणि त्याहून सपाट जागी ते सहसा सुटत नाही.

पण या किनारी बर्फाचा एक गुण आहे. ते लवकर बसतं. वादळ थांबल्यावर दिवस-दोन दिवसांत थर दबतो, कण कणाला धरतो, आणि धोका झपाट्यानं उतरतो. अमेरिकेच्या आतल्या भागातल्या, कोलोरॅडोसारख्या कोरड्या आणि कडाक्याच्या थंडीच्या पर्वतांत असं होत नाही. तिथे बर्फ पातळ असतं आणि त्याच्या बुडाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. तो कच्चा थर आठवडेच्या आठवडे, कधी सबंध हिवाळा, तसाच दडून राहतो. तिथे निरभ्र आकाशाखालीही माणूस फसतो. किनारी पर्वतांत जास्त करून मारतं ते वादळ आणि वादळानंतरचा पहिला दिवस. शिवाय बर्फावर पाऊस पडला तर, आणि वसंतात दुपारच्या उन्हानं बर्फाचा चिखल झाला तर. सकाळी लोखंडासारखा कडक असलेला तोच उतार दुपारी दोन वाजता खाली येतो.

या पर्वतात काय होऊ शकतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जॉन निघाला त्याच्या नऊच वर्षं आधी, १८४६-४७ च्या हिवाळ्यात, डॉनर यांचा काफिला याच पर्वतात थोडा उत्तरेला अडकला होता. सत्त्याऐंशी माणसं, त्यांत बायका-मुलं. जवळजवळ निम्मी मेली. जगली त्यांतल्या काहींनी कसं जगवलं स्वतःला, ते रविवारच्या पुरवणीत लिहिण्यासारखं नाही.

थॉम्प्सनची वाट प्लेसरव्हिलहून स्ट्रॉबेरी खोरं, मग मुख्य धार ओलांडून लेक व्हॅली, तिथून ल्यूथर खिंड, होप व्हॅली, वुडफर्ड्सची घळ आणि खाली कार्सन खोरं अशी होती. नकाशावर बोट ठेवून मी ही वाट पाहिली. ल्यूथर खिंड सुमारे २३६० मीटर उंचीची. जवळची कार्सन खिंड २६०० मीटर. वाट शक्यतो खोऱ्याखोऱ्यानं आणि दाट झाडीतून जाणारी आहे. झाडी ही नुसती सावली नव्हे. झाड सांगतं. जिथे हिमकडे वारंवार येतात तिथे मोठी झाडं उरत नाहीत, नुसता पट्टा मोकळा दिसतो. काठावरच्या झाडांच्या डोंगराकडच्या बाजूच्या फांद्या सोललेल्या असतात. पायाखालचं बर्फ धप्प असा आवाज करून बसलं, किंवा पावलापासून भेग सरसर पळत गेली, तर तो उतार सोडायचा. कोवळ्या उन्हात वरून बर्फाचे छोटे गोळे गडगडत यायला लागले, तर दिवसाचं काम संपलं असं समजायचं. आज हे सगळं प्रशिक्षणात शिकवतात. त्या काळी हे शिकवणारं कुणी नव्हतं आणि चुकणाऱ्याला दुसरी संधी नव्हती.

त्याच्या सवयींबद्दल आपल्याला बरंच ठाऊक आहे ते डॅन डी क्विल या पत्रकारामुळे. याचं खरं नाव विल्यम राइट. नेवाडातल्या ‘टेरिटोरियल एंटरप्राइज’ या पत्रात मार्क ट्वेनबरोबर काम केलेला हा माणूस. त्यानं थॉम्प्सनला भेटून त्याच्या हकिगती लिहून ठेवल्या. खायला थोडा सुका मांसाचा तुकडा आणि बिस्किटं, कारण चूल मांडत बसायला वेळ नाही. प्यायला झऱ्याचं पाणी, नाहीतर बर्फ. बर्फाच्या चकाकीनं डोळे जाऊ नयेत म्हणून चेहऱ्याला कोळसा फासलेला. रात्री एखादं वठलेलं पाइनचं झाड शोधायचं, ते कोणत्या बाजूला झुकलंय हे पाहून मगच पेटवायचं, आणि फांद्यांच्या अंथरुणावर विस्तवाकडे पाय करून निजायचं. वादळात सापडला तर वाऱ्यानं झाडून काढलेला एखादा मोकळा सपाट खडक गाठायचा आणि त्यावर रात्रभर नॉर्वेतले नाच नाचायचे, ऊब राहावी म्हणून. हे वाचताना मला हसू आलं आणि मग लक्षात आलं की वादळी रात्री यापेक्षा शहाणपणाचं काही करण्यासारखं नाही. वादळात पुढे सरकायचं नाही, उताराखाली थांबायचं नाही, आणि झोपायचं नाही. तिन्ही गोष्टी त्या नाचात आल्या. काठी तो दोन्ही हातांत आडवी धरायचा, डोंबारी दोरावर चालताना धरतो तशी. त्या काळचे इतर लोक काठी पायांमध्ये घालून तिच्यावर बसत आणि ब्रेकसारखी वापरत. ते त्याला कमीपणाचं वाटे.

डी क्विलच्या सगळ्याच गोष्टी मी जशाच्या तशा घेत नाही. पत्रकाराला रंग भरायची हौस होती आणि थॉम्प्सनलाही सांगायला आवडत असावं. लांडग्यांच्या कळपासमोरून सरळ निघून गेल्याची कथा आहे, ती वाचायला झकास आहे, पण तिला साक्षीदार नाही. मात्र एका प्रसंगाला साक्षीदार भरपूर होते.

१८५६ च्याच डिसेंबरात, नाताळाच्या सुमारास, लेक व्हॅलीतल्या एका ओसाड खोपटात त्याला जेम्स सिसन नावाचा माणूस सापडला. बारा दिवस तो तिथे पडून होता. दोन्ही पाय गोठून काळेनिळे झालेले. खायला फक्त कोरडं पीठ. आता कुऱ्हाडीनं स्वतःच पाय तोडायचे अशा विचाराला तो आला होता. थॉम्प्सननं त्याला थोडी उबेची सोय करून दिली आणि रातोरात जेनोआकडे सुटला. तिथे सहा माणसं गोळा केली. त्यांना स्की माहीत नाहीत, तर त्यांच्यासाठी स्की तयार केल्या. सगळे परत गेले, घसरगाडीवर सिसनला घातलं आणि निघाले. वाटेत आणखी बर्फ पडलं, तेव्हा होप व्हॅलीत थांबले. बर्फ थांबल्यावर पुढे सरकले. जेनोआत पोचल्यावर डॉक्टर म्हणाले की पाय कापावे लागतील, पण क्लोरोफॉर्म नाही. मग हाच माणूस पुन्हा पर्वत ओलांडून कॅलिफोर्नियात गेला, प्लेसरव्हिलला नाही मिळालं म्हणून सॅक्रामेंटोपर्यंत गेला, आणि औषध घेऊन पुन्हा आला. सिसनचे पाय गेले, प्राण राहिले.

या सगळ्यात मला महत्त्वाचा वाटतो तो होप व्हॅलीतला मुक्काम. माणूस मरणाच्या दारात आहे, जेनोआ फार दूर नाही, सोबत सहा नवशिके, आणि नवं बर्फ पडतंय. अशा वेळी थांबणं पळण्यापेक्षा कठीण. घाई केली असती तर एकाला वाचवताना आठ गेले असते.

एक गंमत सांगते. बर्फ ओळखण्यात कुणी हात धरणार नाही अशा या माणसाला बर्फावरच्याच शर्यतीत हार खावी लागली. उत्तरेकडे ला पोर्ट भागातल्या खाणकामगारांनी हिवाळ्यात वेळ घालवायला स्कीच्या शर्यती सुरू केल्या होत्या. सरळ उतारावरून सुसाट खाली यायचं, वळायचं नाही. स्कीच्या तळाला ते एक लेप लावत. देवमाशाची चरबी, पाइनची राळ, कापूर, एरंडेल असं काहीबाही घालून केलेला. ओल्या बर्फाला वेगळा, कोरड्याला वेगळा, गोठलेल्याला वेगळा. आपल्या लोणच्याच्या कृतीसारखी ज्याची त्याची कृती गुप्त. १८६९ मध्ये थॉम्प्सन तिथे गेला तो साध्या फळ्या घेऊन, आणि हरला. मग त्यानं आव्हान दिलं: झाडांतून, कड्यांवरून, खऱ्या डोंगरातून शर्यत लावा. कुणी पुढे आलं नाही. मला दोन्ही बाजू पटतात. लेपवाल्यांनी बर्फाचा अभ्यास केला होता, फक्त एका उतारापुरता.

आता हिशेबाकडे येते. माझी उमेदीची वर्षं बँकेत कर्जखात्यात गेली, त्यामुळे कुणाचंही चरित्र वाचताना मला आधी कागद दिसतात. थॉम्प्सनच्या बाबतीत ते दिसतच नाहीत. त्या मार्गावरच्या टपालाची सरकारी कंत्राटं मोठ्या कंत्राटदारांच्या नावावर असत. त्यांतला जॉर्ज चोर्पेनिंग हा सर्वांत नावाजलेला. सॉल्ट लेक ते कॅलिफोर्निया हा मार्ग त्याच्याकडे होता. १८६० मध्ये त्याचं कंत्राट सरकारनं रद्द केलं आणि तो स्वतःच पुढची कित्येक वर्षं भरपाईसाठी सरकारचे उंबरे झिजवत राहिला. थॉम्प्सन या लोकांच्या हाताखाली किंवा नुसत्या तोंडी आश्वासनावर काम करायचा. पोस्टखात्याच्या दृष्टीनं असा कुणी नोकर अस्तित्वातच नव्हता. नेमणूकपत्र नाही, करार नाही, भरलेल्या फेऱ्यांची सही-शिक्क्याची नोंद नाही. आमच्याकडे असा माणूस काउंटरवर आला असता, तर त्याचं सगळं ऐकून घेऊन, चहा पाजून, आम्हीही त्याला परतच पाठवला असता. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. यंत्रणा अशीच चालते आणि तिच्यात वाईट माणूस एकही नसला तरी अन्याय होतो, एवढंच सांगते.

मग तो करत का राहिला? लोक त्याला भोळा समाजसेवक ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. भोळा माणूस पैशासाठी वॉशिंग्टनपर्यंत जात नाही. मला वाटतं, त्याला हे काम येत होतं आणि दुसऱ्या कुणालाही येत नव्हतं. अशा कामाला माणूस नाही म्हणू शकत नाही. पलीकडे शे-दोनशे माणसं पत्राची वाट बघत बसली आहेत आणि आपण एकटेच जाऊ शकतो, हे माहीत असताना घरात बसवणार नाही.

वीस हिवाळे त्यानं टपाल नेलं, असं सर्रास छापलेलं असतं. त्यातही थोडं बघायला हवं. १८५९ मध्ये पलीकडे कॉमस्टॉकची चांदी सापडली आणि माणसांचा लोंढा सुटला. प्लेसरव्हिलच्या वाटेवर रस्ता झाला, घोडागाड्या सुरू झाल्या. १८६० मध्ये पोनी एक्सप्रेसचे स्वार त्याच बाजूनं धावू लागले, १८६१ च्या ऑक्टोबरात तार आली आणि १८६९ मध्ये रेल्वे. त्याची पिशवी हळूहळू हलकी होत गेली. तो मग आडबाजूच्या खाणवस्त्यांची टपालं नेऊ लागला. सलग वीस वर्षं एकच वाट, असं नव्हे. पण त्यानं माणूस लहान होत नाही. रेल्वेला तो पर्वत कसा गेला तेही बघा. १८६६-६७ च्या हिवाळ्यात चव्वेचाळीस वादळं मोजली गेली. हिमकड्यांखाली चिनी मजुरांचे तळ गाडले गेले आणि काहींचे देह बर्फ वितळल्यावर सापडले. शेवटी कंपनीला रुळांवर साठेक किलोमीटर लांबीची लाकडी छपरं घालावी लागली. त्याच पर्वतातून एक माणूस दहा वर्षं आधी एकटा जात होता.

१८६६ मध्ये त्यानं अ‍ॅग्नेस सिंगल्टन हिच्याशी लग्न केलं. डायमंड व्हॅलीत शेत, पाण्याचा पाट, गुरं असा संसार मांडला. वर्षभरात आर्थर हा मुलगा झाला. नवरा टपाल घेऊन गेला की पाच दिवस बायको काय करत असेल, हे डी क्विलनं विचारलेलं नाही. मी तिच्या जागी असते तर ढगांकडे बघत राहिले असते. काउंटीच्या कारभारी मंडळावरही तो निवडून गेला होता, म्हणजे गावात त्याला मान होता.

नेवाडाच्या विधिमंडळानं त्याच्या कामाचा मोबदला म्हणून सहा हजार डॉलर द्यावेत, अशी काँग्रेसला विनंती केली. त्यातून काही हललं नाही, तेव्हा १८७२ च्या जानेवारीत तो स्वतः रेल्वेनं राजधानीला निघाला. वायोमिंगमध्ये, लॅरामीच्या पश्चिमेला, गाडी बर्फात रुतली. उतारूंनी वाट बघितली. थॉम्प्सन उतरला आणि चालू लागला. यावेळी पायात स्की नव्हत्या, साधे बूट होते. लॅरामी गाठलं. बरोबरचा सोबती तिथे थांबला. हा पुढे छप्पन्न मैल चालत शायेनला पोचला आणि तिथून पुढची गाडी पकडली. आगगाडीला मागे टाकणारा माणूस म्हणून वर्तमानपत्रांनी त्याचं कौतुक केलं. वॉशिंग्टनमध्ये लोक भेटले, हात हातात घेतले, आश्वासनं दिली. पैसे मिळाले नाहीत. तेव्हाही नाहीत आणि नंतरही नाहीत.

१८७६ च्या वसंतात तो आजारी पडला. पोटाचं दुखणं. चालवत नव्हतं, तर घोड्यावर बसून त्यानं शेतात पेरणी केली, असं लिहिलेलं आहे. १५ मे १८७६ रोजी तो गेला. वय एकोणपन्नास. बर्फानं त्याला नेलं नाही.

आज त्याच वाटेनं डांबरी महामार्ग जातात. एको समिट आणि कार्सन स्पर या टप्प्यांवर वादळानंतर रस्ता बंद करून, रस्ते खात्याची माणसं मुद्दाम स्फोट घडवून बर्फ खाली पाडतात आणि मगच मोटारी सोडतात. हौसेनं रानबर्फात स्की करत हिंडणाऱ्यांसाठी सिएरा अ‍ॅव्हलांच सेंटर ही संस्था हिवाळ्यात रोज सकाळी अंदाज देते: कोणत्या दिशेचा उतार, किती उंचीवर, धोका पाचांपैकी कितव्या पायरीवर. जाणाऱ्याजवळ ठावठिकाणा कळवणारं यंत्र, टोचून बघायची लांब कांडी आणि फावडं असावंच लागतं, कारण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत उकरून काढला तर बहुधा वाचतो आणि अर्धा तास उलटला तर बहुधा नाही. तरीही याच पर्वतात, टाहो सरोवराजवळच्या आल्पाइन मेडोज इथे, ३१ मार्च १९८२ रोजी हिमकडा कोसळून सात जण गेले. कित्येक दिवस वादळ चाललेलं होतं, आणि तिथे तर धोका जाणणारी माणसं नोकरीला होती.

थॉम्प्सनची कबर जेनोआच्या दफनभूमीत आहे. अ‍ॅग्नेसनं बसवलेल्या पांढऱ्या दगडावर दोन स्की एकमेकींवर तिरप्या कोरल्या आहेत. आडनावात मात्र एक अक्षर गळलं आहे, ‘पी’ राहून गेलाय. शेजारी आर्थर आहे. बाप गेल्यावर दोन वर्षांनी, १८७८ मध्ये, घटसर्पानं तो गेला. अकरा वर्षांचा होता.